आते आणि रडूबाईचा पिक्चर

लालबागच्या आमच्या चाळीत आमचं बिऱ्हाड सभ्य म्हणून नावाजलेलं होतं. शेजारच्या खोल्यांतून सकाळ-संध्याकाळ भांडणांचा कल्ला उठायचा, तवे आपटायचे, कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि आमच्या खोलीतून मात्र हूं नाही की चूं नाही. बायका नळावर आईला विचारत, तुमच्यात कुणी भांडत कसं नाही हो? आई पदर तोंडाला लावून हसायची. खरं म्हणजे चाळीतली सगळ्यात जहाल भांडणं आमच्याकडेच व्हायची, फक्त ती आवाज न करता व्हायची. माझे आजोबा, म्हणजे आबा, गिरणीच्या साळखात्यात जन्मभर साचे चालवून निवृत्त झाले होते. साचा म्हणजे यंत्रमाग. असे शेकडो साचे एका छपराखाली खडखडायला लागले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून साळखात्यातली माणसं ओठांनी बोलत. विडी आहे का, साहेब येतोय, मुलीचं जमलं का, सगळं ओठांनी. आबांचे कान साच्यांनी खाल्ले, पण ओठ वाचायची विद्या ठेवून दिली. मग त्यांच्याशी बोलता बोलता सगळं घर त्यात तयार झालं. घसा ताणून ऐकू न येणाऱ्या माणसाला शिव्या देण्यापेक्षा ओठांनी दिलेल्या बऱ्या, त्या पोचतात तरी.

ही विद्या मला अजून उपयोगी पडते. जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात आम्हाला जागा मिळाली, आणि आता माझेही कान गेले. मुलाने आणलेलं कानातलं यंत्र मी डबीतच ठेवते. टीव्हीवरच्या चर्चा आवाज बंद करून बघण्यात जी मजा आहे ती आवाजात नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पलीकडच्या टोकाला बसून कोण माझ्याबद्दल काय म्हणतं ते मला कळतं, हे अजून कुणाला कळलेलं नाही. हे लिहून मी ते आता जाहीर करते आहे, पण आमच्या सोसायटीत पुस्तकं वाचणारं कुणी नाही, त्यामुळे काळजी नाही.

तर आमच्या घरातली मुख्य भांडणं व्हायची ती आबा आणि आते यांच्यात. आते म्हणजे आबांची धाकटी बहीण. माझे वडील तिला आते म्हणत, म्हणून आम्ही पोरंही आतेच म्हणायचो, पुढे सगळी चाळच म्हणायला लागली. आबा आतेशी बोलत नसत. एकाच खोलीत राहायचं, तिच्याच हातचं बांगड्याचं तिखलं बोटं चाटून खायचं, पण थेट एक शब्द बोलायचा नाही, अशी त्यांची वर्षानुवर्षांची तऱ्हा होती. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. आते हातभर अंतरावर घावणे घालत असायची आणि आबा मला सांगायचे, "शैले, तिका सांग, माका कडक नको." आते तव्यावरची नजर न काढता मला म्हणायची, त्याला सांग, दात पडले तर वरणात बुडवून खा. मग मी आबांकडे वळून ओठांनी निरोप द्यायचा. आतेला काही खास बोलायचं असलं की ती पाठ फिरवायची, म्हणजे आबांना ओठ दिसत नसत, आणि ती काय बोलली हे सांगणं सर्वस्वी माझ्यावर असायचं. मधल्या माणसाला किती सत्ता असते हे मी लहानपणीच ओळखलं. आते म्हणते शैलाला राणीच्या बागेत न्या, असा निरोप मी कितीदा तरी पोचवला. आबा कुरकुरत न्यायचेही. पिंजऱ्यातल्या माकडांशीसुद्धा ते ओठांनीच बोलायचे.

या अबोल्याचं कारण मोठं होतं. आते तरुणपणी मुक्या सिनेमातली नटी होती. तिचं खरं नाव शेवंती, पडद्यावर मिस केतकी. एका फुलाचं दुसरं फूल करायला कंपनीचा शेठ बरीच डोकेफोड करत बसला होता, असं ती सांगायची. लहानपणी गावाहून येऊन ती भावाकडे राहत होती, स्वयंपाक करत होती, दुपारी गिरणीच्या फाटकावर आबांचा डबा पोचवत होती. एकदा शेजारणींबरोबर ती दादरच्या कंपनीत गर्दीत उभं राहायला गेली. राजाच्या मिरवणुकीत फुलं उधळायची होती. बाकीच्या बायका कॅमेऱ्याकडे बघून लाजल्या, आतेने त्याच्याकडे बघून फुलं फेकली ती थेट कॅमेरावाल्याच्या नाकावर. त्याने हँडल फिरवायचं थांबवलं नाही, आणि शेठने तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिसऱ्या दिवशी आबांनी तिला सांगितलं की त्या कंपनीत गेलीस तर या घराची पायरी चढायची नाही. आते गेली. आबा असं बोलले नसते तर मी कदाचित गेले नसते, असं ती म्हणायची. आमच्या घराण्यात हट्टाला हट्ट हीच वाटणी आहे.

मग काही वर्षं मिस केतकी खऱ्या अर्थाने गाजली. पुठ्ठ्याच्या किल्ल्यावरून उडी मारली, शेवटी शेवटी तर वाघावर हात फिरवला. तो वाघ म्हातारा होता आणि त्याला खोकला होता. सगळं शूटिंग उन्हात चालायचं, चेहऱ्याला पांढरा लेप, ओठांना काळपट रंग, समोर चार माणसं पांढऱ्या चादरी धरून ऊन तोंडावर मारायची. डायरेक्टर बाजूला उभा राहून कर्ण्यातून ओरडायचा, आता रड, आता हस, आता मूर्च्छा. आवाज कशाचाच येणार नव्हता, त्यामुळे नटांनी ओठ हलवायचे, बोलायचं काय ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मध्ये येणाऱ्या अक्षरांच्या पाटीवर "प्राणनाथ, आपल्या विरहाने मी झुरते आहे" असं येणार असेल, तर आतेने हीरोच्या गळ्यात हात टाकून, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, "मेल्या, तुझ्या तोंडाक कांद्याचो वास येता, जरा बाजूक हो." हीरो पंजाबी होता. त्याला काय कळतंय, तो बिचारा आणखी जवळ यायचा.

आतेची चूक एवढीच झाली की आपले पिक्चर लालबाग-परळच्या थेटरातही लागतात, हे ती विसरली. वरच्या खुर्च्यांवर बसलेली शिकलेली मंडळी रुमाल डोळ्यांना लावून बसायची आणि खाली बाकड्यांवर साळखात्यातली माणसं पोट धरून लोळायची. त्यांना सगळं वाचता येत होतं. पडद्यामागे स्वस्तात बसायची सोय असायची, तिथून अक्षरं उलटी दिसत, पण ओठांना उलटं-सुलटं नसतं, त्यामुळे साचेवाले मुद्दाम पडद्यामागे जाऊन बसायला लागले. शेठला कोडं पडलं. सगळ्या मुंबईत रडवणारा पिक्चर गिरणगावात हसवतो कसा आणि तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा का येतात? त्याने एक माणूस चौकशीला पाठवला. त्या माणसाला साचेवाल्यांनी सांगितलं की आम्हाला रडायला आलं की हसूच येतं, आमचा स्वभावच तसा. आतेला मात्र आमच्या चाळीतल्या एका मावशीने खरं काय ते सांगितलं. आते आधी दोन दिवस तोंड लपवून बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की ही तर मोठी सोय आहे. पुढच्या पिक्चरपासून तिने पडद्यावरून निरोप द्यायला सुरुवात केली. राणी म्हणून सिंहासनावर बसायची आणि पहिल्या मजल्यावरच्या पारूबाईच्या सुनेची बाळंतपणात विचारपूस करायची. पारूबाई थेटरात उभी राहून उत्तर द्यायची, असं सांगतात.

हे सगळं चाललं असताना आबांनी तिचा एकही पिक्चर बघितला नाही. निदान ते तसं सांगत. त्यांचे सोबतीही शपथेवर सांगायचे की आमच्याबरोबर तो एकदाही आला नाही, लालबागच्या नाही, परळच्या नाही, कुठल्याच थेटरात नाही. आणि शेवटच्या पिक्चरमध्ये तर आते त्यांच्याशीच काहीतरी बोलली होती. त्या पिक्चरचं नाव लांबलचक संस्कृत होतं, आते त्याला रडूबाईचा पिक्चर म्हणायची. त्यात ती पहिल्या रिळापासून रडत होती आणि शेवटी मरत होती. मरताना ती दादाला उद्देशून काही बोलली, हे सगळ्या साळखात्याला ठाऊक होतं, पण काय, ते मला कुणी सांगेना. म्हातारे साचेवाले म्हणत, तिनं इचारलं त्याला, उत्तर द्यायचं त्यानं, आमी कशाला मधी तोंड घालू. त्यानंतर बोलपट आले. कंपनीने फुलांच्या कुंडीत माईक लपवला आणि आतेला "प्राणनाथ" म्हणायला सांगितलं. ती असं काही मालवणी हेल काढून म्हणाली की आवाज घेणाऱ्या साहेबाने कानांवरची ऐकायची भोंगळी काढून टेबलावर ठेवली. मिस केतकीचा धंदा एका शब्दात आटोपला. तेव्हा माझी आजी, आबांची बायको, नवऱ्याला न विचारता ट्रामने दादरला गेली आणि नणंदेला ट्रंकेसकट घरी घेऊन आली. आबांनी बहिणीकडे बघितलं, गादी उचलली आणि गॅलरीत नेऊन टाकली. झोपायला ते कायमचे गॅलरीत गेले आणि बोलणं कायमचं बंद झालं.

आतेला या सगळ्याचं फारसं दुःख नव्हतं. तिने तसं कधी दाखवलं नाही. नटी असल्याचा तोरा नाही, गेल्या दिवसांची रड नाही. नळावर नंबरावरून भांडण झालं तर ती मूर्च्छा येऊन पडायची, बायका कांदा शोधायला धावायच्या, आणि तेवढ्यात तिची कळशी भरून व्हायची. फक्त एका गोष्टीवर ती अडून होती. दुपारी कोकमाची सोलं वाळत घालताना, माझी वेणी घालताना, मध्येच तिचा हात थांबायचा. त्याने तो पिक्चर बघितला होता का गं, ती मला विचारायची. मी सांगायचे, आबा म्हणतात नाही बघितला. मग ती वेणी अशी काही करकचून आवळायची की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आपण एवढ्या लोकांसमोर ज्याला हाक मारली, तो त्या लोकांत नव्हताच, हे तिला खरं वाटत नव्हतं आणि खोटंही ठरवता येत नव्हतं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना शिवाजी पार्कचे दिघे सर आमचं दार ठोठावत आले. कॉलेजात शिकवणारे, गोरेपान, जुनी रिळं गोळा करायचं वेड असलेले गृहस्थ. रडूबाईच्या पिक्चरची काही रिळं त्यांना कुठल्याशा गोदामात सापडली होती आणि त्यातली नायिका लालबागमध्ये जिवंत आहे असं कळल्यावर ते फुलांचा गुच्छ घेऊन आले होते. आतेने तो गुच्छ लगेच सुटा करून देवाला वाहिला. चाळीची वर्षाची सत्यनारायणाची पूजा जवळ आली होती, त्या संध्याकाळी दरवर्षी चाळीच्या चौकात पडदा लावून पिक्चर दाखवायचे. या वर्षी आतेचाच दाखवावा असं मंडळाने ठरवलं. सगळे खूश झाले. आबा सोडून. "तां फिल्लम लागला तर मी खाली येवचंय नाय," त्यांनी मला सांगितलं, म्हणजे तिला सांगितलं. आतेने दिघे सरांना निरोप धाडला की राहू द्या, नका दाखवू. सर हवालदिल झाले, मंडळाची पोरं रागावली, आई म्हणाली एवढं काय ते, पण आते ऐकेना. तो नसेल तर मला कुणाला दाखवायचाय, ती म्हणाली. हे मात्र ती पाठ न फिरवता म्हणाली आणि आबांनी ते वाचलं. वाचून ते अडकित्त्याने सुपारी कातरत बसले.

तेव्हा मी आयुष्यातला सगळ्यात चांगला खोटा निरोप दिला. आते नळावर गेली असताना मी आबांच्या समोर जाऊन बसले आणि ओठांनी, सावकाश, एकेक अक्षर नीट दिसेल असं म्हटलं, आते म्हणते बरं झालं दादा येत नाही, आला असता तर चारचौघांत रडला असता. आबांच्या हातातली सुपारी गडगडत मोरीपर्यंत गेली. "मी? मी रडतलंय?" ते ओरडले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, त्यामुळे ते ओरडले की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. "तिका सांग, मी पैल्या रांगेत बसतलंय." सांगायची गरज नव्हती. आतेने ते खाली नळावर ऐकलं होतं.

पूजेच्या दिवशी चाळीला शिऱ्याचा वास होता. अंधार पडल्यावर चौकात पडदा चढला. निम्मी चाळ पुढे, निम्मी पडद्यामागे, बाकीची गॅलऱ्यांतून लोंबत. म्हातारे साचेवाले कुठून कुठून आले होते, नायगावहून, शिवडीहून, धोतर नेसून, आणि बसले सगळे एकगठ्ठा. आबा पहिल्या रांगेत लोखंडी खुर्चीवर, हाताची घडी घालून, न्यायाधीश बसतो तसे. आतेला त्यांच्या शेजारी खुर्ची ठेवली होती, पण ती तिथे बसली नाही. ती बाजूच्या जिन्याच्या पायरीवर बसली, जिथून पडदा नीट दिसत नव्हता. माझ्या हातात माईक होता. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवायचे म्हणून मधली अक्षरं मोठ्याने वाचायचं काम दिघे सरांनी मला दिलं होतं, आवाज करुण ठेव असंही बजावलं होतं.

पहिलं रीळ मी करुण आवाजात वाचलं. "हे नाथ, या अभागिनीला विसरू नका." तेवढ्यात पुढच्या रांगांत हशा पिकला. पडद्यावर आते हीरोच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देत होती आणि म्हणत होती की पाय धुतले असतेस तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं. साचेवाल्यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि बायका, पोरं, मंडळाचे अध्यक्ष, सगळे एकमेकांकडे बघत होते. मला ते बघवेना. दुसऱ्या रिळाला मी अक्षरं वाचायचं सोडलं आणि ओठ वाचायला लागले. चौकात जो काही गोंधळ उडाला तो मी पुन्हा कुठल्याही सिनेमाला बघितलेला नाही. नायिका खलनायकाला झिडकारते आहे असं दिसत होतं, आणि माईकमधून येत होतं, माझो पदर सोड मेल्या, पिन टोचता. भटजींच्या तोंडातला प्रसाद ठसक्यासरशी बाहेर आला. आई गॅलरीतून मला डोळ्यांनी जाळत होती आणि स्वतः हसत होती. दिघे सर आधी पांढरे पडले, मग त्यांनी पिक्चरच्या मशीनला हात टेकला आणि असे हसत सुटले की पुढचं रीळ लावायचं विसरले. ज्या पिक्चरवर त्यांनी लेख लिहिला होता, तो पिक्चर ते त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते.

एवढ्या सगळ्यात दोनच माणसं हसत नव्हती. आबा दगडासारखे बसले होते. आणि आते पडद्याकडे बघतच नव्हती. तिच्या उमेदीच्या दिवसांतलं तेवढंच काय ते शिल्लक राहिलं होतं, ते पांढऱ्या कापडावर हलत होतं, आणि ती तिथे न बघता आबांच्या तोंडाकडे बघत होती. ओळखीची एखादी खूण दिसते का, पुढचं आधी कळल्यासारखा डोळा हलतो का, एवढंच ती शोधत होती. काही दिसलं नाही. रिळामागून रीळ गेलं तशी ती पायरीवर आखडत गेली. मला वाटलं, मी हे काय करून ठेवलं. नुसती शंका होती ती बरी होती, आता तिला उत्तर मिळणार आणि ते नाही असं असणार. तरी मी माईकवर बोलत राहिले.

शेवटचं रीळ लागलं. नायिका मरणाच्या खाटेवर. साचेवाले एकदम गप्प झाले. त्यांच्यापैकी एकाने टोपी काढली. ते बघून बायका गप्प झाल्या, मग पोरं. "प्राणनाथ, आता भेट पुढल्या जन्मी" अशी अक्षरं आली, ती मी वाचली. मग पडद्यावर आतेचा तरुण चेहरा आला, डोळे मिटलेले. आणि पहिल्या रांगेतून आवाज आला. आबा आपले स्वतःशी पुटपुटत होते. आपण पुटपुटतो ते सगळ्या चौकाला ऐकू जातं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"आता हात उचलतली," आबा म्हणाले. पडद्यावरचा हात उचलला गेला. "आता केस मागे सारतली." हाताने केस मागे सारले. "आता डोळे उघडून माझ्याकडे बघतली." डोळे उघडले. त्या डोळ्यांनी सरळ पुढे, लोखंडी खुर्चीकडे बघितलं. ओठ अजून मिटलेले होते. "आता इचारतली," आबा म्हणाले, "दादा, जेवलंस काय रे, म्हणान."

मग ओठ हलले. दादा, जेवलंस काय रे. मी ते माईकवर म्हटलं नाही. जिला भाऊ घरात घेत नव्हता, जी डबा पोचवू शकत नव्हती, ती मुलगी पडदाभर चेहरा करून एवढंच विचारत होती, आणि ते लालबागच्या चौकात पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं होतं. आते पायरीवरून उठली. मशीनच्या उजेडातून सरळ चालत गेली, तिची सावली तिच्याच चेहऱ्यावर पडली, आणि ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. आबांनी वर बघितलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"मगे?" आते म्हणाली. तिने आवाजही केला आणि ओठही नीट दाखवले. "जेवलंस काय नाय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नाय गो," ते तिला म्हणाले. "रोज पाळी सुटली की चलत गिरगावच्या थेटरात. जेवतलंय कधी?"